आरमाराचा तनखा

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'युद्धनौकांची आखणी आणि त्यांचा खर्च' असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. कोल्हापूरपासून समुद्र घाटाखाली दूर राहिला. आपली ज्ञाती सुतार-लोहारांची. वासला, करवत, ऐरण आणि भाता यांवर आपल्या पूर्वजांचे पोट भरले, आणि आज आपली मुले उद्यमनगरात व शिरोलीत यंत्रांवर उभी आहेत. तेव्हा या म्हाताऱ्या मास्तराने लढाऊ जहाजांची उठाठेव कशास करावी, असे कोणासही वाटेल. तथापि जहाज ही वस्तू प्रथम सुताराची व लोहाराची आहे, मग ती सरदाराची आहे. शिवाय या विषयावरचा मराठीतील अत्यंत शहाणपणाचा मजकूर आपल्या कोल्हापूरच्याच दरबारातून बाहेर पडलेला आहे. त्या मजकुरापासूनच आरंभ करतो.

'आज्ञापत्र' हा ग्रंथ आपणांपैकी पुष्कळांनी नावाने ऐकला असेल. १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या नावे निघालेला हा राजनीतीचा ग्रंथ परंपरेने रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचा मानला जातो. पंतांनी शिवछत्रपतींचा काळ पाहिला होता, राजाराम महाराज जिंजीस असता इकडील राज्याचा भार वाहिला होता, आणि अखेरचे दिवस त्यांनी पन्हाळ्यावर काढले. त्या ग्रंथात दुर्गांप्रमाणे आरमारावरही स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लढायांची वर्णने नाहीत. जहाज केवढे असावे, किती असावीत, त्यांस पैसा कोठून द्यावा, लाकूड कोठून आणावे आणि पावसाळ्यात ती कोठे ठेवावीत, याचाच विचार आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर तो आखणीचा आणि अंदाजपत्रकाचा कागद आहे.

त्यातील चार गोष्टी मी माझ्या शब्दांत सांगतो. पहिली गोष्ट मापाची. गलबते मध्यम प्रतीची, नीट बांधणीची करावीत. वाऱ्यावाचून जागची हलत नाहीत अशी अवाढव्य जहाजे नुसत्या दिमाखासाठी करू नयेत. दुसरी गोष्ट संख्येची. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, म्हणजे मोठ्या व लहान नौका एकमेकींच्या आधाराने लढतील. तिसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. आरमाराच्या पगारासाठी ठरावीक मुलूख तोडून द्यावा. समुद्रावर जे हाती लागेल त्यावर आरमार पोसू नये. कारण तसे केले म्हणजे सावकारास उपद्रव होतो, सावकार बंदर सोडतो आणि बंदर ओस पडते. चौथी गोष्ट लाकडाची. सागवानासारखी झाडे दरबारच्या परवानगीने तोडावीत, उणे पडेल ते बाहेरून विकत आणावे. परंतु रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, कारण ती झाडे माणसाने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे.

बंधूंनो, ज्या राज्यकर्त्याच्या मनात जहाजाच्या फळीबरोबर गरिबाच्या दारचा फणसही असतो, त्याला राज्य चालविणे कळले होते असे म्हटले पाहिजे.

हे शहाणपण अनुभवातून आले होते. शिवछत्रपतींनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती येताच तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली. आरंभी त्यांनी पोर्तुगीज कारागीर कामास ठेवले. रुय लैतांव व्हिएगस हा त्यांचा प्रमुख होता. पण ही जहाजे उद्या आपल्यावरच येतील हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी हे कारागीर फितवून परत नेले. परक्या हातांवर अवलंबून राहिलेले काम असे एका रात्रीत बंद पडू शकते. तरी महाराजांचे आरमार वाढतच गेले, सिंधुदुर्गाचा पाया १६६४ च्या नोव्हेंबरात घातला गेला. याचा अर्थ एवढाच की परके गेले तरी येथील सुतार, लोहार आणि कोळी-भंडारी खलाशी यांनी काम पुढे चालविले. त्यांची नावे बखरीत नाहीत. आपणच त्यांचे वारस आहोत असे मी अभिमानाने समजतो.

आता या तनख्याच्या नियमाचे पुढे काय झाले तेही पाहू. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर ही राज्ये वेगळी झाली. सिंधुदुर्ग आणि मालवण करवीरकडे राहिले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गावर बुडविले आणि पश्चिम किनाऱ्यावरील मराठ्यांचे मोठे सामर्थ्य आपल्याच हातांनी नाहीसे झाले. मालवणच्या गलबतांनी समुद्रावर जहाजे पकडण्याचा क्रम चालू ठेवला. इंग्रज त्यास चाचेगिरी म्हणत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नावही दिले. पुढे पैसे भरून घेऊन तो करवीरास परत केला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. ज्या आरमारास नेमलेला मुलूख नाही, ते समुद्रावरच्या कमाईवर जगू लागते. जे कमाईवर जगते ते शत्रू वाढविते. आणि शत्रू वाढले म्हणजे बंदर जाते. आज्ञापत्राने शंभर वर्षे आधी दाखविलेला हा मार्ग आपल्या करवीर राज्याने पायाखाली घालून पाहिला, असे मला वाटते.

असो. आता आपल्या काळाकडे वळू.

स्वातंत्र्यानंतर आपले नौदल बहुतांशी ब्रिटनकडून घेतलेल्या जहाजांवर चालत होते. १९६० मध्ये भारत सरकारने मुंबईची माझगाव गोदी विकत घेतली. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. यशवंतराव कऱ्हाडचे, आपल्या राजाराम कॉलेजातूनच ते १९३८ साली बी. ए. झाले, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये. त्यांच्या कारकिर्दीत, ब्रिटनशी बोलणी होऊन, लिअँडर जातीच्या फ्रिगेट माझगावात बांधण्याचे काम मार्गी लागले. पहिल्या 'निलगिरी'चे जलावतरण २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या उपस्थितीत झाले आणि ती ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यामागून १९८१ पर्यंत आणखी पाच बहिणी आल्या: हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी.

येथे 'वर्ग' या शब्दाचा अर्थ सांगणे अवश्य आहे. एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या समूहास नौदलात वर्ग म्हणतात, आणि पहिल्या नौकेच्या नावाने तो वर्ग ओळखला जातो. आपण एकाच मापाचे दहा दरवाजे करावयास घेतो, तेव्हा पहिल्या दरवाजास जो वेळ लागतो तो दहाव्यास लागत नाही. साचे तयार असतात, हात बसलेला असतो, आणि कोठे चुकते ते कळलेले असते. जहाजांचेही तसेच आहे. निलगिरीच्या वेळी आराखडा परक्यांचा होता. शेवटच्या दोन नौकांत आपल्या रचनाकारांनी मोठे हेलिकॉप्टर मावेल असे फेरफार केले. त्या अनुभवावर १९८३ मध्ये गोदावरी ही आपल्याच रचनाकारांनी आखलेली फ्रिगेट आली, आणि १९९७ मध्ये दिल्ली ही विनाशिका आली. व्हिएगस परत गेल्यावर कल्याणच्या खाडीत जे घडले, तेच तीनशे वर्षांनी माझगावात निराळ्या रीतीने घडले.

मात्र यास दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. दिल्लीनंतरच्या कोलकाता वर्गातील तीन विनाशिकांना सरकारने प्रथम ३,५८० कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. ती पुढे ११,६६२ कोटींवर गेली. मूळ रकमेच्या तिपटीहून हे अधिक झाले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात यावर कडक ताशेरे मारले. कारणे आपणांस सहज समजतील अशी आहेत. आराखडा पुरा होण्यापूर्वीच बांधणी सुरू झाली. कोणती शस्त्रे बसवावयाची हे मध्येच बदलले. जहाजाचे विशेष पोलाद परदेशातून यावयाचे, ते वेळेवर आले नाही. घर बांधताना यजमानाने जोते झाल्यावर 'येथे जिना नको, तेथे हवा' असे म्हटले म्हणजे गवंड्याचे आणि सुताराचे जे होते, तेच गोदीचे झाले. त्या वर्गातील पहिली नौका 'कोलकाता' १६ ऑगस्ट २०१४ रोजी दाखल झाली.

या अनुभवातून पुढील वर्गाच्या आखणीत काही शहाणपण आले. पोलादाचा प्रश्न हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने हाती घेतला आणि देशातच जहाजाचे पोलाद तयार होऊ लागले. २८ जानेवारी २०११ रोजी माझगाव गोदीशी चार विनाशिकांचा करार झाला. हाच विशाखापट्टणम वर्ग. मंजूर खर्च सुमारे २९,६०० कोटी रुपये. प्रत्येक नौका १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टनांची. विशाखापट्टणम २१ नोव्हेंबर २०२१ रोजी, मुरगाव १८ डिसेंबर २०२२ रोजी, इंफाळ २६ डिसेंबर २०२३ रोजी आणि सूरत १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. आराखडा कोलकाता वर्गाच्याच धर्तीवर ठेवला होता. नवीनपणाचा हव्यास आवरला होता. सूरतबरोबर त्याच दिवशी नवी निलगिरीही दाखल झाली, जुन्या निलगिरीचे नाव घेऊन.

या मंजुरीचा मार्ग कसा असतो हेही थोडक्यात सांगतो. नौदल प्रथम आपली गरज लिहून काढते. संरक्षण खरेदी परिषद ती गरज मान्य करते. रचनाकार आराखडा करतात. खर्चाचा आकडा मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढे जातो. तिची संमती मिळाली म्हणजे गोदीशी करार होतो, आणि पुढे काम जसजसे टप्प्याटप्प्याने होईल तसतसे हप्ते दिले जातात. परंतु संसद पैसा मंजूर करते तो एका वर्षापुरता. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. जहाज तर दहा-बारा वर्षांचे काम! त्यामुळे दर वर्षीच्या भांडवली रकमेतील मोठा वाटा आधीच झालेल्या करारांच्या हप्त्यांतच जातो, आणि नव्या कामास जे उरते ते तुटपुंजे असते. एका वर्षी हात आखडला की काम लांबते, आणि काम लांबले की किंमत वाढते. न सरणारा असा स्वतंत्र निधी संरक्षणासाठी असावा, ही सूचना संसदेच्या स्थायी समितीने वारंवार केली आहे. आज्ञापत्रातील नेमलेल्या मुलुखाची आठवण येथे कोणास होणार नाही?

आपल्या राधानगरीच्या धरणाचा इतिहास याच जातीचा आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते काम योजिले व सुरू केले. पुढे पैशाच्या ओढगस्तीने ते वर्षानुवर्षे अपुरे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात पुरे झाले. महाराजांची दृष्टी उणी नव्हती. दृष्टीच्या मागे सतत चालणारा पैसा उणा पडला.

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, जो मास्तर या नात्याने मला टाळता येणार नाही. ज्या देशात कित्येक शाळांचे छप्पर गळते, त्या देशाने चार जहाजांवर २९,६०० कोटी रुपये घालावेत काय? प्रथम हिशेब करू. करारापासून शेवटची नौका येईपर्यंत चौदा वर्षे गेली. म्हणजे सरासरीने वर्षास सुमारे २,१०० कोटी. देशाची लोकसंख्या सुमारे १४० कोटी धरली, तर माणशी एकूण सुमारे २११ रुपये, वर्षास सुमारे १५ रुपये. हे ऐकून 'एवढेच ना' असे म्हणणे मात्र बरोबर नाही. हा एकाच वर्गाच्या बांधणीचा खर्च आहे. अशी अनेक कामे एका वेळी चालू असतात, आणि नौका बांधल्यावर तिला वर्षानुवर्षे पोसावे लागते. पंधरा रुपये अल्प दिसतात म्हणून शाळेच्या छपराचा प्रश्न सुटत नाही.

तरीही मी या खर्चाच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण मालवणच आहे. आपल्या देशाच्या परदेशी व्यापाराचा मालाच्या वजनाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे चालतो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा हिस्सा जहाजांनी येतो. कोल्हापूरच्या भट्टीत ओतलेला लोखंडी भाग परदेशी जातो तो समुद्रावरूनच. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा भाडी वाढली आणि माल आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागला. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी बळकावलेले 'रुएन' हे जहाज आपल्या नौदलाने सोडविले. ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या कामगिरीत पुढे होती ती 'कोलकाता'च, जिच्या वर्गाच्या खर्चावर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जहाज अवश्य होते, आणि ते कमी वेळात व कमी पैशात व्हावयास हवे होते. जो नागरिक पहिली गोष्ट पाहून दुसरी विसरतो तो भाबडा. जो दुसरी पाहून पहिली नाकारतो त्याने १८१२ साल विसरलेले असते.

मापाविषयीही बोलले पाहिजे. सर्व पैसा मोठ्या विनाशिकांतच घालावा असे नाही. २०१९ मध्ये किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोळा लहान नौकांचे करार झाले. त्यांतील आठ कोचीच्या गोदीकडे गेल्या, आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेथे ज्या तीन नौकांचे जलावतरण झाले त्यांतील एकीचे नाव 'मालवण' आहे. पाच गुराबांबरोबर पंधरा गलबते हवीत, हा अमात्यांचा हिशेब अजून जुना झालेला नाही.

या साऱ्यात आपल्या ज्ञातीचे काय, हा शेवटचा मुद्दा. जहाज पैशाने होते असे म्हणतात, पण पैसा देऊन एका दिवसात सांधा जोडणारा हात मिळत नाही. १९८५ नंतरच्या दशकात आपल्या गोद्यांना नव्या नौकांची कामे फारच थोडी मिळाली. १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळीही आटली. गोदीस काम नसले म्हणजे कुशल वेल्डर, फिटर आणि सुतार दुसरीकडे जातात, आणि काम आले म्हणजे पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. हात टिकविणे हाही आखणीचाच भाग आहे. माझगाव गोदीत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. आठवी झालेले, दहावी झालेले आणि आय. टी. आय. झालेले, अशा तिन्ही प्रकारच्या मुलांना तेथे वाव आहे. आपल्या ज्ञातीतील किती मुलांनी तेथे अर्ज केला, हे मी पदाधिकाऱ्यांना विचारतो.

आपल्या संस्थेपुढे यंदा दोन ठराव आहेत. इमारतीखालील गाळ्यांचे भाडे नव्या सभागृहाच्या सजावटीस लावावे, असा एक. आणि ते तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या शुल्कासाठी कायमचे बांधून द्यावे, असा दुसरा. सजावटीच्या बाजूने बोलणारेही ज्ञातीचे हितचिंतकच आहेत. सभागृह शोभिवंत असले तर लग्नकार्यांची मागणी वाढेल, उत्पन्न वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते पोकळ नाही. पण आजवर विद्यार्थ्यांची मदत दर वर्षीच्या वर्गणीवर चालली. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी वर्गणी बरी. ज्या वर्षी महापूर, त्या वर्षी मदत बंद. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराने आपणांस हे शिकविले आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलाचे शुल्क एका वर्षी देऊन दुसऱ्या वर्षी न देणे, म्हणजे जहाजाचा सांगाडा उभा करून तो गोदीत गंजत ठेवणे होय.

म्हणून माझी विनंती अशी की, भाडे थोडे असो वा फार, ते या मुलांचा तनखा म्हणून नेमून द्यावे, आणि ज्ञातीतील कोणाच्याही दारी वर्गणीचा तगादा लावून ते काम चालवू नये. रक्कम बेताची असेल, तर मुले बेताची घ्यावीत. पण घेतलेल्या प्रत्येकाचे शिक्षण पुरे करावे. मध्यम मापाचे, नीट बांधणीचे आणि शेवटास जाणारे काम करावे, हे सांगावयास करवीरच्या अमात्यांहून मोठा अधिकारी आपणांस मिळणार नाही.

ठरावावर मत द्यावयाच्या आधी आपण सर्वांनी याचा विचार करावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.